कांद्यांची लाईट

जगात प्रत्येक वस्तू एकेकच असती, तर आमचे भासरे उपाशी मेले असते. त्यांना कोणतीही गोष्ट घ्यायला, खायला, ऐकायला, नुसती आवडायलासुद्धा तिच्याशेजारी दुसरी लागायची. दुसरी मिळाली की तिसरी. तिसरी समोर आली की ते टोपी काढत, टाळू खाजवत आणि म्हणत, "अजून एक पाहू." भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांचं नाव मी घेत नाही. तेव्हा घ्यायची रीत नव्हती. आता अडवणारं कोणी उरलं नाही, पण जीभ वळत नाही, तर राहू दे. गावात निम्म्या लोकांना त्यांचं नाव माहीतही नव्हतं. "अजून-एक कुठं गेले?" असं विचारलं की कोणीही सांगायचं, बाजारात गेले, म्हणजे दिवस मावळल्यावर रिकाम्या हातानं येतील.

डोणगावच्या बाजारात दोन न्हावी समोरासमोर बसत. भासरे एकाकडून उजवा गाल करून घेत आणि डाव्या गालाचा साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडून दुसऱ्यासमोर जाऊन बसत. मग अख्ख्या बाजारात फिरून भेटेल त्याचा हात धरत आणि आपल्या गालांवरून फिरवत. "खरं सांग बे, कोणता गुळगुळीत हाय?" एकदा त्यातला एक न्हावी वैतागून म्हणाला, "काकाजी, मिशीचं काय करू? मधातून कापू काय?" भासरे यावर खरोखर विचार करत बसले. वहाणांचंही तेच. एक मेहकरची, एक अमडापूरची. कोणती आधी झिजते ते त्यांना पाहायचं होतं. अमडापूरची आधी झिजली. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपला उजवा पायच जड पडतो, तेव्हा हा निकाल खरा नाही. म्हणून पुन्हा दोन ठिकाणच्या नव्या वहाणा आणल्या, पायांची अदलाबदल करून. डोकं दुखलं तर अर्धी पुडी वैद्याची, अर्धी गोळी डॉक्टरची, आणि कोणत्या बाजूचं आधी थांबतं ते डोळे मिटून पाहत बसायचे. थांबायचं ते दोन्हीकडून एकदम, आणि मग त्यांना त्याचाच त्रास व्हायचा.

लग्न त्यांचं झालं नाही. मुली मिळाल्या नाहीत असं नाही, फार मिळाल्या. चिखली, मेहकर, लोणार, पार जालन्याच्या शिवेपर्यंत जाऊन त्यांनी मुली पाहिल्या. एकीलाही नाव ठेवलं नाही. सगळ्या बऱ्याच होत्या, म्हणून तर अडचण. काही मुली लग्न होऊन बाळंतपणाला माहेरी आल्या, तरी हे पुन्हा पाहायला गेले होते असं लोक सांगत. ते खोटं असावं. शेवटी सासूबाईंनी त्यांचा नाद सोडला आणि धाकट्याचं लग्न काढलं. धाकटे म्हणजे आमचे हे. मला पाहायला आले तेव्हा मी चहाच्या कपबश्या खाली ठेवल्या आणि आत वळले, तेवढ्यात मागून ऐकू आलं, "पोरगी बरी हाय. अजून एक पाहू." सासूबाई म्हणाल्या, "तू पाह्यत राह्य. मले सून पाह्यजे." आणि तिथल्या तिथं सुपारी फोडली. लग्नात कोणी काय दिलं, कोण रुसलं, ते सगळं मी विसरले. ते "अजून एक पाहू" तेवढं विसरले नाही. मी तशी विसरणारी बाई नाही.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्यात सून भासऱ्यांसमोर उभी राहत नसे आणि त्यांच्याशी बोलत नसे. तेही तिच्याशी बोलत नसत. ते घरात शिरताना दारात खाकरत, मग मी डोक्यावरचा पदर ओढून आत होई. काही सांगायचं असलं तर मधे माणूस लागे. "आईले म्हणा, मीठ कमी पडलं," असं ते माझ्या नवऱ्याला सांगत, आणि मी दाराआडून सासूबाईंना सांगे, "आत्याबाई, म्हणा त्यायले, मीठ संपलंच हाय." हे सगळं चार हातांच्या अंतरावर. मधे कोणी नसलं तर भासरे गायीशी बोलत. कपिली नावाची गाय होती, दाराशेजारच्याच गोठ्यात बांधलेली. मी चुलीशी बोलत असे. "कपिले, आज जेवाले उशीर होईन काय?" "चुलबाई, लाकडं ओली आणली तर उशीर होईनच." अशी आमची बोलणी व्हायची, आणि गाय न् चूल दोघी गरीब, म्हणून भांडण वाढत नसे.

तेव्हा नवीन महाराष्ट्राची सुरुवात होती. गावोगाव विजेचे खांब येत होते. आमच्या गावाच्या शिवेतही खांब येऊन पडले आणि कितीतरी दिवस पडूनच होते. पोरं त्यांच्यावर बसायची, बकऱ्या अंग घासायच्या. मग एक दिवस ते उभे राहिले, तारा ओढल्या, आणि लाईनवाल्या साहेबांनी चावडीवर सांगितलं की ज्यांच्या घरात फिटिंग तयार असेल त्यांना पहिल्या दिवशीच लाईट जोडू. बाकीच्यांनी पुन्हा अर्ज करायचा, मग कधी येऊ ते सांगता येत नाही. गावात धांदल उडाली. ज्याला जो वायरमन भेटला त्यानं तो धरला आणि भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या. आमच्या घरी मात्र भासरे म्हणाले, घाई कराची नाही. इचारून पाहू.

मला त्या लाईटमधून एकच गोष्ट हवी होती. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. एका बाजूनं शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूनं कोठी. भर दुपारी दार उघडं ठेवलं तर थोडं दिसायचं, आणि सांजेला चिमणी लावून काम. चिमणी म्हणजे रॉकेलची वातीची डबी. वारा आला की विझायची, नाही आला की काजळी धरायची. मागच्याच वर्षी गोवरी काढताना माझ्या बोटाला विंचू चावला होता. त्या हातानं मी पुढं कितीतरी दिवस नीट भाकर थापली नाही, डाव्या हातानं थापायची आणि सगळ्यांनी ती वाकडी भाकर मुकाट्यानं खायची. मला लाईटखाली बसून पोथी वाचायची नव्हती. मला पिठातली अळी आणि गोवरीतला विंचू दिसायला पाहिजे होता. एवढंच.

पहिला वायरमन मेहकरहून आला. कानावर पेन्सिल खोचलेला, सुकडा. त्यानं घर पाहिलं आणि म्हणाला, "आमचा भाव पॉइंटवर. एक दिवा म्हंजे एक पॉइंट. जितके पॉइंट तितके पैशे." भासरे म्हणाले, "बरं हाय. अजून एक पाहू." दुसरा चिखलीहून आला, पँटवाला, शीळ घालणारा. तो म्हणाला, "पॉइंट-बिइंट काही नाही. पुरं घर ठोक सांगतो." तिसरा डोणगावचा, चांगला जाडजूड, आधी पिठाच्या गिरणीची इंजिनं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "मी तार फुटावर मोजतो. जितकी तार, तितका भाव." तिघं गेले आणि भासरे ओसरीवर डोकं धरून बसले. असा घोळ त्यांच्या जन्मात झाला नव्हता. आमच्या ह्यांना म्हणाले, "पाह्य बावा. एकानं बकऱ्या नगावर सांगितल्या. दुसऱ्यानं कळप ठोक सांगितला. अन् हा तिसरा म्हणते, शेपट्या मोजून सांगतो. आता तुलना कराची कशी?"

रात्रभर ते पडल्या पडल्या बोटं मोडत होते, आणि सकाळी त्यांना मार्ग सापडला. तिघांचे भाव एका मापात आणायचे. त्यासाठी तार कुठून कुठं जाणार आणि दिवे कुठं लागणार ते डोळ्यांना दिसायला पाहिजे. त्यांनी सुतळीचं बंडल आणलं आणि घरभर ओढलं, जिथून तार जाईल तिथून. आणि जिथं दिवा लागायचा, तिथं सुतळीला एकेक कांदा टांगला. ओसरीत कांदा, माजघरात कांदा, बाहेरच्या दारावर कांदा, गोठ्यात कपिलीच्या शिंगांवर कांदा. देव्हाऱ्यापुढं कांदा चालत नाही, म्हणून तिथं लिंबू. कांदे मोजले की पॉइंट कळणार, सुतळी मोजली की तार कळणार, आणि दोन्ही मिळून चिखलीवाला ठोकमधे किती खातो ते कळणार. खरं सांगायचं तर युक्ती वाईट नव्हती. पण त्या घरात आम्हाला राहायचं होतं. सुतळीत पाय अडकून सासूबाई दोनदा पडता पडता राहिल्या. कोंबडी उडाली की माजघरातला पॉइंट झोके घ्यायचा. कपिलीनं मान वर करून गोठ्यातला पॉइंट खाल्ला, मग तो उंच बांधावा लागला. गावातल्या बाया निमित्त काढून साखर मागायला येऊ लागल्या आणि दारातून वर पाहून तोंडाला पदर लावून जाऊ लागल्या. "तुमच्याकडं कांद्यांची लाईट आली म्हणे वो?" असं एकीनं मला विहिरीवर विचारलंच. मी म्हटलं, "हाव. तुमच्याकडं भरिताच्या वांग्याची आणून लावा, जास्त उजेड पडते."

त्या सगळ्यात स्वयंपाकघरात मात्र कांदा नव्हता.

मी चुलीला विचारलं, मोठ्यानं. "चुलबाई, आपल्या खोलीत पॉइंट कोठं हाय?" बाहेरून कपिलीला उत्तर मिळालं. "कपिले, सैपाकघरात चुलीचा उजेड असतेच. उजेडात उजेड कायले पाह्यजे? अन् तू रातीबेराती व्यातेस, तुले लाईट नोको काय?" मी म्हटलं, "चुलबाई, तुह्या उजेडात इच्चू दिसला असता, तर चावला असता काय?" यावर गाय गप्प. म्हणजे भासरे गप्प.

मी बोलत बसले नाही. टोपल्यातला एक कांदा घेतला, सुतळीचा तुकडा घेतला आणि तव्याच्या बरोबर वर आढ्याला टांगला. मी पाण्याला गेले तेवढ्यात तो निघाला. मी असताना ते स्वयंपाकघरात येऊ शकत नव्हते, पण माझ्या पाण्याच्या वेळा त्यांना पाठ होत्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बांधला, जरा मोठा. पुन्हा निघाला. तिसऱ्या दिवशी मी हंडा घेऊन निघाले आणि कोपऱ्यावरून तशीच परत आले, तर भासरे टोपी सावरत लगबगीनं गोठ्याकडं जाताना दिसले आणि त्यांच्या मुठीत माझा कांदा होता. इतकं सगळं झालं, पण एकमेकांशी एक शब्द नाही. घरातल्या इतरांना वाटत होतं की आमचं फार शांत घर आहे. त्यात सासूबाईंची आणखी गंमत. त्यांना हात पोचेल तो कांदा त्या तोडायच्या. ओसरीतला पॉइंट त्यांनी पिठल्यात घातला. भासरे रोज सकाळी कांदे मोजत, रोज आकडा वेगळा येई, आणि रोज तिघांचे भाव पुन्हा पहिल्यापासून लावायला बसत. "आई, कालचा पॉइंट कोठं गेला वो?" "तुह्या पोटात," सासूबाई सांगायच्या.

डोणगावचा वायरमन एकदा सुतळी मोजायला बोलावला तर उंबऱ्यातूनच मागं फिरला. देव्हाऱ्यापुढं टांगलेलं लिंबू त्यानं पाहिलं आणि त्याला वाटलं, या घरावर कोणी करणी केली आहे. त्याला समजावून परत आणायला आमच्या ह्यांना पाणंदीच्या टोकापर्यंत पळत जावं लागलं. इकडं लाईनवाल्यांचा दुसरा निरोप आला की आता येत्या बाजाराच्या दिवशी तारांत लाईट सोडणार. गावातल्या बहुतेक घरांच्या भिंतींवर पट्ट्या दिसत होत्या. आमच्या भिंतीवर सुतळी.

मला काळजी लागली ती दोन गोष्टींची. एक, हे गृहस्थ तुलना करता करता लाईट हुकवणार. आणि दुसरी, हुकली नाही तरी ती स्वयंपाकघराच्या बाहेरच थांबणार. रडून उपयोग नव्हता, भासऱ्यांपुढं रडताही येत नाही. मग मी विचार केला की यांना पटेल असंच सांगावं. त्या दिवशी दुपारी दार सताड उघडून, ऊन असताना एक भाकर केली आणि झाकून ठेवली. दुसरी सांजेला चिमणीवर केली. दोन्ही त्यांच्या ताटात शेजारी शेजारी ठेवल्या आणि ताट ह्यांच्या हातानं बाहेर पाठवलं.

भासऱ्यांनी ताट पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. दोन वस्तू शेजारी! एक भाकर पांढरी, गोल, पापुद्रा सुटलेली. दुसरीला एका अंगानं करपट डाग, दुसऱ्या अंगानं कच्ची, आणि कडेला एक केस. त्यांनी दोन्ही उलटून पाहिल्या, वास घेतला, तुकडा मोडून चावून पाहिला. मग भावाला म्हणाले, "ही कोणी केली? अन् ही कोणी केली?"

"दोन्ही एकीनंच केल्या."

"अशा दोन?"

मी आतून म्हटलं, "चुलबाई, सांग त्यायले. एक उन्हातली हाय. एक तुह्या उजेडातली हाय."

मग भासरे टोपी काढून म्हणाले, "अजून एक पाहू." मी कपाळाला हात लावला. पण या खेपेला त्यांचा अर्थ वेगळा होता. दुसऱ्या सांजेला ते भावाला म्हणाले, "तिले म्हणा, जरा भाईर थांब. मले सैपाकघर पाहाचं हाय." मी आणि सासूबाई अंगणात जाऊन उभ्या राहिलो. भासरे खाकरले. आत कोणी नव्हतं, तरी सवयीनं खाकरले, आणि आत गेले. आधी चिमणी विझली. मग परात पडल्याचा आवाज आला. मग एक तांब्या गडगडत गेला, बराच वेळ गडगडला. मग सगळं शांत. आणि मग आतून लहान पोरासारखा आवाज आला, "आई वो, दरोजा कोणीकडं हाय?"

सासूबाई पदरात तोंड घालून हसत खालीच बसल्या. ते बाहेर आले तेव्हा टोपी पिठानं माखलेली, धोतराला काजळी, आणि एक हात ठेच्याच्या वाटीत पडून आलेला. त्याच हातानं त्यांनी डोळे पुसले. मग रांजणापाशी बसून पाणी मारत राहिले. मी हसले नाही. तेव्हा हसले नाही. डोळे थंड झाल्यावर ते उठले आणि गोठ्यात गेले. कपिलीपुढं उभे राहून तिला विचारलं, "कपिले, तुले काही वाचाचं हाय काय?" गाय रवंथ करत होती. त्यांनी तिच्या डोक्यावरचा कांदा सोडला आणि भावाच्या हातात दिला. "तठी बांध. तव्यावर." आणि मग, हे फार महत्त्वाचं असल्यासारखं, बोट वर करून म्हणाले, "कांदे तितकेच राह्यले. कोणाचाच भाव बदलत नाही. पुन्हा तुलना करा लागत नाही."

म्हणजे त्यांना माझी दया आली की आकडा जुळला याचा आनंद झाला, हे मला तेव्हा कळलं नाही. आणि खरं तर मला त्याच्याशी काय करायचं होतं? कांदा तव्यावर आला, बस.

पण लाईट अजून आलेली नव्हती. कांदे आणि सुतळी ठरल्यावर भासरे तिघा वायरमनांना पुन्हा एकेकदा बोलावून आले. मेहकरच्याला सांगायचे, डोणगावचा असं म्हणते. डोणगावच्याला सांगायचे, चिखलीचा तसं म्हणते. एक दिवस ते तिघं डोणगावच्या हॉटेलात चहा पिताना एकमेकांना भेटले. बोलता बोलता कळलं की तिघांनाही एकच माणूस पळवून राहिला आहे, त्याच्या घरात कांदे टांगलेले आहेत, आणि देवापुढं लिंबू. म्हणे इतके हसले की हॉटेलवाल्यानं दुसरा चहा फुकट दिला. बाजाराच्या आदल्या दिवशी तिघं एकाच बैलगाडीत बसून आमच्या दारात उतरले.

मेहकरच्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि एक कागद पुढं केला. "काकाजी, हा आमचा अंदाज."

भासऱ्यांनी तो वाचला, उलटा करून मागून पाहिला. "हा तुमचा. अन् चिखलीवाला काय म्हणते?"

"तो हा उभा हाय. त्याचाही हाच."

"मंग डोणगावचा?"

"तो तुमच्या बाजेवर बसला हाय. आम्ही तिघायनं मिळून एकच भाव काढला, अन् तिघं मिळूनच काम करतो. आता हाच एक."

"दुसरा?"

"दुसरा नाही."

त्या वेळचा त्यांचा चेहरा मी दाराच्या फटीतून पाहिला. बाजारात हात सोडून हरवलेल्या पोराचा असतो तसा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं एकच वस्तू आली होती. त्यांनी भावाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, कपिलीकडं पाहिलं. उद्या लाईट सुटणार. डोणगावचा वायरमन बाजेवरून म्हणाला, "सांगा काकाजी, लावाचं काय? नाहीतं आमी चाललो." भासऱ्यांचा हात टोपीकडं गेला. टोपी निघाली. "अजून..." ते म्हणाले.

मी दाराआड होते. चूल माझ्या मागं होती, पण मी चुलीकडं तोंड केलं नाही. एवढ्या मोठ्यानं बोलले की अंगणातल्या वायरमनांनाही ऐकू गेलं. "चुलबाई, सांग त्यायले. मले पाहाले आले होते, तवा मले कोणी अजून एक दाखवला होता काय? एकच दाखवला. मी त्याच्यावरच भागवलं ना?"

मग चिखलीवाल्यानं शीळ घातली. सासूबाई मोठ्यानं हसल्या. आमच्या ह्यांनी खाली पाहून सुतळीची गाठ सोडायला घेतली, जी बांधलेलीच नव्हती. भासरे टोपी हातात धरून तसेच उभे. मग त्यांनी ती डोक्यावर घातली, नीट दाबली आणि म्हणाले, "लावा."

दुसऱ्या सांजेला गावात लाईट आली. आमच्या घरी तव्यावरचा गोळा, म्हणजे बल्ब, लागला, आणि मला पहिल्यांदा कळलं की आमचं स्वयंपाकघर किती काळं आहे. वर्षांचा धूर एकदम दिसला. मी दुसऱ्या दिवशी भिंती सारवायला घेतल्या. भासरे मात्र घरात नव्हते. ते गल्लीभर फिरून लोकांच्या दारात उभे राहून गोळे पाहत होते. परत आले आणि कपिलीला म्हणाले, "आपला जरासा तांबूस हाय. पाटलाचा पांढरा हाय. पण आपला थरथरत नाही." एवढं बोलून अंधारात बसलेल्या गायीजवळ बराच वेळ उभे राहिले. तिचा कांदा काढून घेतल्याचं त्यांना वाईट वाटत असावं. पुढं ती व्यायली तेव्हा ते स्वतः कंदील धरून उभे होते.

वर्षं गेली. कपिली गेली, सासूबाई गेल्या, आमचे हे गेले. घरात सुना आल्या, त्या भासऱ्यांसमोर खुर्चीवर बसून बोलायच्या आणि चांगलं करायच्या. आमच्या दोघांची रीत तेवढी राहिली. मधे बोलायला गाय नव्हती आणि चुलीच्या जागी गॅस आला, तेव्हा आम्ही दिव्याशी बोलू लागलो, कारण तो दोघांना दिसायचा. म्हातारपणी त्यांना मोतीबिंदू झाला. एक डोळा त्यांनी बुलडाण्याला करून घेतला, दुसरा अकोल्याला. दोन्ही सारखेच चांगले निघाले, आणि ते फार नाराज झाले. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरले. मी तव्यावर भाकर टाकलेली. त्यांनी एक डोळा झाकून दिव्याकडं पाहिलं. मग दुसरा झाकून पाहिलं. मग दोन्ही उघडे ठेवून, मान वर करूनच, दिव्याला म्हणाले,

"बावा, त्या टायमाले मी 'अजून एक पाहू' म्हणलो होतो. बरं झालं आईनं आयकलं नाही."

भाकर फुगली होती, ती उलटायची होती. मी ती उलटली. मग म्हटलं, "दिव्या, सांग त्यायले, भाकर थंडी होऊन राह्यली. पाट घ्या म्हणा."

ते बसले आणि जेवले. आमच्यात एवढंच बोलणं झालं, आणि मला वाटतं ते पुष्कळ होतं. त्याच हिवाळ्यात ते गेले. यमदूत आला तेव्हाही त्यांनी "अजून एक पाहू" म्हटलं असणार, कारण दोनदा सगळ्यांना रडायला लावून उठून बसले आणि तिसऱ्या खेपेला गेले.

परवा नातसून गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवायच्या म्हणून तीन जणांचे भाव घेऊन आली. बँकेत नोकरीला आहे, हिशेबाची पक्की. एकजण किलोवॅटवर सांगतो, एकजण पाटीवर, आणि एकजण अख्ख्या घराचं ठोक. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "आजी, काहीच जुळून नाही राह्यलं. तुमीच सांगा, काय करू?" मी तव्यावरच्या दिव्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "सांग त्यायले, तीन आले."

ती इकडं तिकडं पाहू लागली. "कोणाले सांगू, आजी?"

भासऱ्यांचं उत्तर मला माहीत होतं. दुपारी आम्ही चौथ्याला फोन केला.